पहिल्या नंबरचे अकरा आठवडे

ज्या अल्बमनं माझ्या भावाचं आयुष्य पार विस्कटलं, तो अल्बम आपटलाच नव्हता. हे आम्हाला कळायला सहा वर्षं लागली, आणि तेही एका हॉटेलची लिफ्ट अडकली म्हणून.

आधी माझं काम सांगते. मी एका संगीत साप्ताहिकात याद्या करायचे. दर सोमवारी सकाळी नऊ वाजता फोन पुढ्यात ओढायचा आणि कॅसेट-सीडीच्या बेचाळीस दुकानांना एकामागून एक विचारत सुटायचं, गेल्या आठवड्यात काय खपलं? कुणी वही उघडून नीट सांगायचा. कुणी 'तेच आपलं, मागच्यासारखंच' म्हणून बोळवण करायचा, त्याला मी पुन्हा फोन करायचे. दुपारपर्यंत कान लालबुंद. मग आकडे जुळवून पहिल्या वीस अल्बमची यादी व्हायची. शुक्रवारी अंक आला की लोक उभ्या उभ्या आधी तेच पान उघडायचे.

यादीच्या खाली एक चौकट असायची, 'शेजारी काय वाजतंय'. शेजारच्या तीन देशांतले पहिले पाच-पाच अल्बम. ते आकडे तिकडून फॅक्सनं यायचे. ती चौकट आमचे संपादक, म्हणजे साहेब, स्वतः करायचे, कारण तिकडची लिपी ऑफिसात त्यांच्याशिवाय कुणाला येत नव्हती.

दादा माझ्याहून चार वर्षांनी मोठा. स्वतः लिहायचा, स्वतः चाल लावायचा, स्वतः गायचा. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याचा पहिला अल्बम आला, 'भाड्याची खोली'. आठ गाणी, आणि शेवटी एक तुकडा ज्यात तो गातच नाही, नुसता बोलतो. खोली सोडून निघालेल्या माणसाशी ती खोलीच बोलते, असं काहीतरी. कंपनीचे मालक घरातसुद्धा काळा चष्मा लावून बसायचे, म्हणून मागे सगळे त्यांना काळा चष्माच म्हणायचे. त्यांनी अल्बम इथं आणला आणि शेजारच्या एका देशातही पाठवला.

इथं तो एकच आठवडा एकोणिसावा आला. एकोणीस हा आकडा मीच लिहिला, आणि पुढच्या सोमवारी मीच तो खोडला. तीन महिन्यांनी काळ्या चष्म्यानं दादाला बोलावून घेतलं. म्हणाला, "हे बघ, लोकांना तुझा आवाज नकोय. इथंही नको, तिकडंही नको. तुझी नवी दहा गाणी आहेत ना, ती देऊन टाक. माझा हिरो गाईल. निदान गाणी तरी वाया जाणार नाहीत."

हिरो म्हणजे त्याचा लाडका गायक, दिसायला देखणा. दादानं सही केली. ती दहा गाणी हिरोच्या आवाजात माझ्या यादीत सव्वीस आठवडे राहिली. दर सोमवारी मीच त्यांचे आकडे मांडत होते.

दादानं घरातला रेडिओ माळ्यावर टाकला आणि लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत लागला. कुणी गाण्याचं विचारलं तर म्हणायचा, "होतं एक खूळ, उतरलं." वहिनीशी बोलताना तर त्याचा सूर कायम माफी मागितल्यासारखा असायचा. जणू त्यानं तिला फसवून लग्न केलं होतं.

सहा वर्षांनी एक दिवस शहरातल्या एका मोठ्या हॉटेलात दातांच्या डॉक्टरांचा मेळावा होता. लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये थांबली, आत एकटी बाई. दादा पाचव्या मजल्यावर दाराच्या फटीशी पालथा पडून तिला धीर देत होता आणि त्याचा जोडीदार वर मशीनच्या खोलीत गेला होता. बाईला धाप लागली होती.

"घाबरू नका. हवा भरपूर आहे. मी इथंच आहे, कुठंही जात नाही," दादा म्हणाला.

आतली धाप एकदम थांबली. मग मोडक्यातोडक्या भाषेत आवाज आला, "परत बोला."

"मी इथंच आहे, कुठंही जात नाही."

तिनं आतून पुढचं वाक्य म्हटलं, "किल्ली दारालाच राहू दे."

दादाच्या हातातला पाना खाली शाफ्टमध्ये पडला. ते त्याच्या अल्बमच्या शेवटच्या तुकड्यातलं वाक्य होतं. पहिलं वाक्यही त्याच तुकड्यातलं. बोलताना त्याच्या ध्यानातही आलं नव्हतं.

लिफ्ट वर आली, दार उघडलं. बाई तिशीची, त्याच शेजारच्या देशातली, तिथली दातांची डॉक्टर. बाहेर येऊन तिनं आधी दादाच्या दंडाला हात लावून पाहिला.

"तुम्ही... गेला होतात ना? अपघातात?"

"मी? कधी?"

"आमच्याकडे तुमचा अल्बम अकरा आठवडे पहिल्या नंबरवर होता. मग बातमी आली तुम्ही गेल्याची. आमच्या कॉलेजात आम्ही दोन मिनिटं उभे राहिलो होतो."

संध्याकाळी दादा तसाच, कपड्यांना ग्रीस, माझ्या दारात उभा राहिला. सगळं सांगितलं आणि बसला नाही.

"तू त्या ऑफिसात होतीस."

"दादा, मला खरंच—"

"मी तुला विचारलं होतं. एकदा नाही, चार वेळा. तिकडं काही झालं का गं? तू म्हणालीस, नाही."

"साहेब म्हणाले होते की काही नाही."

"आणि तू मान हलवलीस. बेचाळीस दुकानदारांना खोदून खोदून विचारतेस, आणि भावाच्या वेळी तुझी जीभ उचलली नाही?"

तो गेला. मी स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मला आठवलं. त्या वर्षी कितीतरी आठवडे 'शेजारी काय वाजतंय' ही चौकट अंकात नव्हतीच. मी साहेबांना सहज विचारलं होतं, ते म्हणाले होते, 'जाहिरात आलीय, जागा नाही.' जाहिरात काळ्या चष्म्याचीच होती, मागचं अख्खं पान. आणि मला त्यात काहीही वावगं वाटलं नव्हतं. त्या रात्री राग साहेबांचा होता तेवढाच स्वतःचाही होता.

दुसऱ्या दिवशी मी आठलाच ऑफिसात गेले. साहेब अकराला यायचे. स्टेशनरीच्या कपाटांच्या किल्ल्या माझ्याकडे असायच्या, त्यांच्या खोलीतल्या कपाटाचीही. फॅक्सवरची अक्षरं उडून कागद कोरे होतात म्हणून साहेब प्रत्येकाची झेरॉक्स ठेवायचे. माणूस पहिल्यापासून टापटिपीचा. त्या वर्षाचा गठ्ठा सापडला. लिपी मला वाचता येईना, म्हणून सगळा पिशवीत घालून हॉटेलवर त्या डॉक्टरबाईंकडे गेले.

त्यांनी पलंगावर कागद मांडले आणि बोट ठेवत वाचू लागल्या. "हा तिसरा नंबर. हा पहिला. पहिला. पहिला." अकरा वेळा. मग एक पत्र हाती आलं. तिकडच्या साप्ताहिकानं आमच्या साहेबांना विचारलं होतं, 'तुमच्याकडच्या कंपनीच्या मालकांनी कळवलं की गायकाचं निधन झालं. आम्ही कार्यक्रमासाठी त्यांना बोलावणार होतो. बातमी खरी आहे का?' त्याला टाचणीनं जोडलेली साहेबांच्या उत्तराची प्रत होती, खाली सही. बाईंनी ती हळू वाचली. 'बातमी खरी आहे. कुणीही संपर्क करू नये, अशी कुटुंबाची इच्छा आहे.'

कुटुंब म्हणजे मी. मी तेव्हा साहेबांपासून वीस पावलांवर बसून आकडे जुळवत होते.

साहेब आले तेव्हा मी त्यांच्या खोलीत खुर्चीवर बसले होते. इतक्या वर्षांत त्यांच्यासमोर न विचारता कधी बसले नव्हते. पत्र टेबलावर होतं.

त्यांनी ते पाहिलं. "दार लाव."

"उघडंच राहू दे."

"हे बघ, मालकांना त्या दहा गाण्यांची गरज होती. तुझ्या भावाला तिकडचं कळलं असतं तर त्यानं ती दिली असती का? आणि मागचं पान कुणाच्या जिवावर चालतं? ते गेलं असतं तर आपण सगळे घरी बसलो असतो. तूसुद्धा."

"म्हणून जिवंत माणूस मारलात?"

"कागदावर गं."

"कागदावर म्हणजे? आपण दुसरं काय करतो इथं? लोक कागदावरचं खरं धरतात म्हणूनच हा अंक निघतो ना?"

साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला, परत ठेवला. "त्याचं नुकसान काय झालं? गाणी गाजलीच की. कवी म्हणून त्याचंच नाव आहे."

"आणि आवाज?"

"आवाजाचं काय घेऊन बसलीस? बरे आवाज पुष्कळ असतात."

मला वाटतं, त्यांनी माफी मागितली असती, खोटी का होईना, तर मी रडले असते आणि घरी गेले असते. पण 'बरे आवाज पुष्कळ असतात' ऐकलं आणि डोकंच फिरलं. मी पत्र उचललं आणि माझ्या टेबलाशी जाऊन बसले. साहेबांना वाटलं, बाई निवली. ते जेवायला गेले.

तो गुरुवार होता, आणि यादीचं पान गुरुवारी दुपारीच छपाईला जायचं. ते कुणी तपासत नसे, कारण बारा वर्षांत माझी एक चूक निघाली नव्हती. पान लावायचे ते ऑफिसातले सगळ्यांचे काका, निवृत्तीला दोन वर्षं उरलेले, कानावर पेन्सिल. मी त्यांना मजकूर दिला. वीस अल्बमच्या जागी अकरा छोट्या चौकटी, सहा वर्षांपूर्वीच्या अकरा तारखा, आणि प्रत्येकीत पहिल्या नंबरवर 'भाड्याची खोली'. त्याखाली साहेबांच्या पत्राचं चित्र आणि त्याचा अर्थ. सगळ्यात खाली एवढंच: 'गायक जिवंत आहे. लिफ्ट दुरुस्त करतो. त्या अकरा आठवड्यांत मी याच ऑफिसात होते आणि मी खोदून विचारलं नाही. — यादी करणारी.'

काकांनी सगळं वाचलं. "म्हणजे उद्यापासून आपण दोघंही घरी."

"तुम्ही सांगा, मी तुम्हाला फसवलं म्हणून."

"मी कशाला खोटं बोलू?" काकांनी कानावरची पेन्सिल काढली. "'निधन'च्या 'नि'ला पहिली वेलांटी असते बाई, दुसरी दिलीय. रागात असलं म्हणून काय झालं?"

शुक्रवारी अंक बाहेर पडला. दहा वाजता साहेबांनी मला माझ्या टेबलावरून उठवलं, साडेदहाला काकांना. साहेबांनी अंकाचा चुरगळून बोळा केला होता, ते बघून मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू. घरी पोचेपर्यंत फोन वाजायला लागला होता. निम्मे दुकानदार होते. एक म्हातारा दुकानदार, जो नेहमी माझी बोळवण करायचा, तो म्हणाला, "आमच्याकडे दहाच प्रती पाठवल्या होत्या हो त्या अल्बमच्या. संपल्या म्हणून मी तीनदा मागितल्या. कंपनी म्हणाली, छापतच नाही." म्हणजे इथंही त्यांनी तो मुद्दाम मारला होता. हे मला तोवर माहीतच नव्हतं.

काळ्या चष्म्याचाही फोन आला. कोर्टात खेचीन म्हणाला. मी म्हटलं, "खेचा. मेलेल्या माणसाला साक्षीला आणते." त्यानं खेचलं नाही. 'जुना गैरसमज' असं एक निवेदन काढलं आणि साहेबांनी ते मागच्या पानावर छापलं. दोघांचंही काही बिघडलं नाही. साप्ताहिक चालू आहे, यादी दुसरं कुणीतरी करतं. कशी करतं, मी बघत नाही.

दादाला आनंद होईल असं मला वाटलं होतं. तो अंक हातात घेऊन आला तो भडकलेलाच.

"मला विचारलंस?"

"नाही."

"तुझी वहिनी शाळेत शिकवते. सकाळपासून जो तो तिला विचारतोय, तुमचे मिस्टर तेच का, मेलेले? मला मारायचं ठरवलं त्यांनी, मला जिवंत करायचं ठरवलंस तू. माझं मत घ्यायचं कुणाला सुचतच नाही का?"

त्याचं बरोबर होतं, आणि मी केलं तेही मला चूक वाटत नव्हतं. आजही वाटत नाही.

चार महिन्यांनी डॉक्टरबाईंनी आणि त्यांच्या जुन्या वर्गमित्रांनी तिकडं एक सभागृह ठरवलं. दादा आधी नाही म्हणाला, मग वहिनीनं रेडिओ माळ्यावरून काढला आणि जेवायच्या टेबलावर ठेवला. तो आठवडाभर दार लावून गळा साफ करत होता. वरचे सूर लागत नव्हते, तेव्हा आतून भांडं आपटल्याचा आवाज यायचा. तो आणि वहिनी गेले. मला त्यानं बोलावलं नाही.

परत आल्यावर मात्र तो माझ्याकडे आला, आणि या वेळी बसला. मी चहा केला.

"दोन हजार माणसं होती," तो म्हणाला. "मला चाल खाली उतरवून गावी लागली, तरी त्यांना आठही गाणी पाठ. रडत होते. वहिनी तुझी रडून बेजार."

"आणि तू?"

"मला राग येत होता." त्यानं वर पाहिलं. "पुढच्या रांगेत तिशी-पस्तिशीचे लोक होते गं सगळे. मला दिसत होतं, ते पंचवीस-तीस वर्षांचे असताना कसे असतील. मी अठ्ठावीसचा होतो. माझा वरचा सूर नुसता उघड्या दारातून गेल्यासारखा लागायचा. तेव्हा हेच लोक तिकडं माझी वाट बघत होते, आणि मी इथं घरात बसून तुझ्या वहिनीची माफी मागत होतो. ते वर्ष मला कोण देणार? तू छापून दिलंस, ठीक आहे. पण ते कोण देणार?"

मी त्याच्या कपात आणखी चहा ओतला. तो प्यायला आणि म्हणाला, नवीन एक चाल डोक्यात आहे, पण शब्द सगळे शिव्याच येतायत.

"शिव्याच गा मग," मी म्हटलं.