घोड्याचा मसाला

मी एक जुना लोखंडी खलबत्ता आहे, आणि आधीच सांगून टाकतो, मित्रांनो, मी रागावलेला आहे. इतर म्हातारी भांडी तुम्हाला गोड आवाजात आपली कहाणी सांगतील, जुन्या दिवसांच्या आठवणी काढून डोळे पुसतील. मला ते जमत नाही. माझा सगळा जन्म आदळआपटीत गेला आहे, तेव्हा माझ्याकडून मऊ बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

ठाण्याच्या खाडीवर आगगाडीचा पूल झाला तेव्हा उरलेल्या लोखंडातून मला ओतलं, असं माझा कारागीर गिऱ्हाइकांना सांगायचा. खरंखोटं तोच जाणे. मानपाड्याच्या एका शेतकऱ्याने लेकीच्या लग्नात द्यायला मला विकत घेतलं. लेकीचं नाव सगुणा. बैलगाडीत तिच्या पायाशी बसून मी कल्याणला, खाडीकाठच्या वस्तीत तिच्या सासरी आलो. वाटभर ती रडत होती आणि प्रत्येक खड्ड्याला मी तिच्या घोट्यावर आदळत होतो. शेवटी तिने मला मांडीवर घेतलं. तेव्हापासून आमचं जमलं.

सगुणाच्या आईचा हात बाळंतिणीच्या लाडवांवर बसलेला होता, ती कला सगुणाने उचलली. सुंठ, मेथी, खोबरं, गूळ. जमलं तर डिंक आणि खारीक. फार खर्चाचं काम नाही, पण कष्टाचं आहे. मेथी कांडताना घाई केली की ती भरड राहते आणि दाताखाली कडूजहर लागते. सगुणा घाई करत नसे. वस्तीत कुणीही बाळंत झालं, की कुणी सांगायची वाट न पाहता ती पदर खोचून माझ्यासमोर बसायची. मिरची कांडतानाचा माझा आवाज वेगळा आणि सुंठ फोडतानाचा वेगळा. बायकांना तो बरोबर ओळखू यायचा. सुंठेचा आवाज घुमला की दारादारांतून विचारणा व्हायची, "कोण गं मोकळी झाली?" मित्रांनो, ते माझे मानाचे दिवस होते. मला शेंदूर लावला नव्हता, एवढंच.

सगुणाचा नवरा विश्राम एका गोऱ्या साहेबाच्या लाकडाच्या वखारीत करवत्या होता. कल्याणात आगगाडी येऊन पंचवीसेक वर्षं झाली असतील तेव्हाची ही गोष्ट. पावसाळा संपता संपता विश्रामच्या उजव्या हाताची दोन बोटं करवतीखाली गेली. जखम भरली, पण करवत काही धरता येईना. वखारीच्या राखणदाराची जागा तेवढी रिकामी होती. ती मिळाली तर चूल पेटणार, नाहीतर घर बंद करून मानपाड्याला सासऱ्याच्या दारात जाऊन बसायचं. विश्रामला ते मरणाहून कठीण वाटत होतं. जागा कुणाला द्यायची ते साहेब नाताळानंतर ठरवणार होता.

एके दिवशी वखारीचा कारकून हरिहर आमच्या ओसरीवर आला. लोक त्याला हरिहरपंत म्हणायचे, कारण न म्हटलं तर त्याला राग यायचा.

"विश्राम, अरे, नाताळ तोंडावर आला," तो म्हणाला. "साहेबाला डाली नेल्याशिवाय राखणदारी विसर."

डाली म्हणजे साहेबाच्या सणाला हाताखालच्या माणसांनी सजवून न्यायची भेटीची टोपली. नाव भेटीचं, पण जो नेणार नाही त्याची आठवण वर्षभर ठेवली जायची.

"काय न्यायचं, पंत?"

"नागपुरी संत्री, काजू, बदाम. मुंबईहून केक मागवू. एखादी बाटली असली तर उत्तमच." मग त्याची नजर कोपऱ्यात माझ्यावर पडली. "हा ठोकळा मोडीत घाल की. बरंच काही येईल त्यात."

मोडीत! माझ्या तोंडावर म्हणाला. माझ्या पोटात त्या वेळी नुसती धण्याची पूड होती, नाहीतर ठिणगी उडाली असती. सगुणा चुलीपाशी बसून ऐकत होती. पंताची पाठ वळल्यावर ती नवऱ्याला म्हणाली, "मोडीत घालायचा तर त्यालाच घाला. दुकानातला काय बी नको. मी घरचा करून देतंय."

पण घरचं म्हणजे काय द्यायचं? साहेबाच्या सणाला काय चालतं, हे तिला कुठून ठाऊक असणार? ती कुणाला विचारायला गेली नाही. इनासबायच आमच्याकडे आली. ही ठाण्याची ख्रिस्ती बाई साहेबाच्या बंगल्यात स्वयंपाकघरात काम करायची आणि अंडी घ्यायला वस्तीत यायची.

"इनासबाय, नाताळ म्हंजे नक्की काय गं?" सगुणाने विचारलं.

"आमच्या देवाचा जन्म. त्याच्या आईला दिवस भरलेले, आणि गावात कुठं जागा मिळंना. शेवटी गोठ्यात बाळंत झाली बिचारी. थंडी ही अशी."

सगुणाच्या हातातली अंडी हातातच राहिली. "मग तिला खायाला काय दिलं?"

इनासबाय विचारात पडली. जन्मभर ती कथा ऐकली होती, पण हे कुणी विचारलं नव्हतं. "मेंढपाळ आले दर्शनाला. राजे आले. सोनं आणलं, धूप आणला."

"धूप एक बरा. पोराला धुरी द्यायला व्हतो. पण सोना काय चावायचा? सुंठ कोणीच आणली न्हाय?"

"तसं काय ऐकलं नाय बाई."

झालं. सगुणाचं ठरलं. जगभरातले लोक त्या देवाच्या जन्माला फळं नेतात, बाटल्या नेतात आणि गोठ्यात पडलेल्या ओल्या बाळंतिणीला कुणी विचारत नाही, हे तिला सहन होईना. दुसऱ्या दिवशी ऊन अंगणात आलं तशी तिने सुंठ माझ्यात टाकली. माझा आवाज घुमला आणि शेजारणी दारात आल्या.

"कोण गं मोकळी झाली?"

"साहेबांच्या देवाची आय," सगुणा म्हणाली.

मग एकीने नारळ आणून दिला, दुसरीने गुळाचा खडा. तिसरीने काही आणलं नाही, पण बसून मेथी निवडली. त्या दिवशीइतका मी कधीच मन लावून कामाला आलो नसेन. मेथी अशी बारीक झाली की फुंकर मारली तर उडाली असती.

नाताळाच्या सकाळी विश्राम केळीच्या पानावर लाडू मांडून, वेताची टोपली डोक्यावर घेऊन बंगल्यावर गेला. दुपारी परत आला तो हसतही होता आणि खाली मान घालूनही होता. मला तेव्हाच गडबडीचा वास आला.

"राखणदारी मिळाली," तो म्हणाला. सगुणाने देवाला हात जोडले. मग त्याने हळूहळू बाकीचं सांगितलं.

साहेबाने सगळ्या डाल्या पाहत पाहत येऊन एक लाडू उचलला आणि चावला. तोंड वाकडं केलं, रुमालात थुंकला आणि ओरडला, "ये क्या है?" हरिहर घाबरला. लाडवांचं खापर आपल्या माथ्यावर फुटेल म्हणून चटकन म्हणाला, "हुजूर, घोडे का मसाला!" जमलेले सगळे हसले. साहेबाचा घोडा चार दिवस दाण्याला तोंड लावत नव्हता. साहेबाने तिथल्या तिथे त्याच्यापुढे लाडू धरले, तर घोड्याने टोपली चाटूनपुसून साफ केली. साहेब खूश झाला. विश्रामला राखणदारी दिली आणि हुकूम सोडला, की हा मसाला करणाऱ्या बाईने खल घेऊन तबेल्यात यावं, घोड्याची निगा ठेवणाऱ्या मोतद्दारासमोर करून दाखवावा, आणि पुढे दर हप्त्याला करत जावा.

"आणि तुमी काय बोललाव?" सगुणाने विचारलं.

"मी काय बोलणार? जागा मिळत व्हती."

"माझ्या बाळंतपणात उरलेले लाडू कोणी खाल्ले? चोरून?"

विश्राम पागोटं काढून झटकू लागला.

"तुमी घोडा का?"

"अगं, घोड्याचा मसाला तर घोड्याचा मसाला! नाव काय बी ठेवू दे. पोटाला तर मिळंल!"

तळपायाची आग मस्तकात जाणे म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं. मला मस्तक नाही, तरी कळलं. घोड्यावर माझा राग नव्हता. तो मुका जीव. त्याला चांगलं ते चांगलं कळलं, इतरांपेक्षा लवकर कळलं. पण देवाच्या आईसाठी केलेल्या वस्तूचं नावच चोरलं होतं, तेही आपली कातडी वाचवायला. आणि ज्या नवऱ्यासाठी एवढी खटपट केली, तोच मूग गिळून बसला होता.

तरी सगुणा गेली. जायलाच हवं होतं, नाहीतर हातात आलेली जागा गेली असती. मला कमरेवर घेऊन ती साहेबाच्या तबेल्यात शिरली. मला लिदीशेजारी जमिनीवर ठेवलं गेलं. आयुष्यात कधी एवढा अपमान झाला नव्हता. विश्राम फाटकाशी उभा होता, छातीवर राखणदाराचा नवा कोरा पट्टा लावून. हरिहर हातात छत्री घेऊन देखरेख करत होता. साहेब बूट वाजवत आला, मागून त्याची मडमही गंमत पाहायला आली.

"जल्दी बनाओ," साहेब म्हणाला.

सगुणाने मेथी माझ्यात ओतली. बत्ता उचलला, एकदा मारला, आणि थांबली. स्वयंपाकघराच्या पायरीवर इनासबाय उभी होती. सगुणाने तिला हाक मारली.

"इनासबाय, साहेबाला सांग. यो मसाला नव्हं. त्यांच्या देवाची आय गोठ्यात बाळंत झाली, तिला कोणी काय दिला नव्हता, म्हणून केलेला व्हता."

"गप्प बस गं बाई!" हरिहर दातओठ खात म्हणाला. "नवऱ्याची नोकरी घालवतेस का?"

इनासबाय पदराला हात पुसत पुढे आली. बिचारीची हिंदुस्थानी स्वयंपाकघरापुरती, पण तिने सांगितलं, "साहेब, ये घोडे का नहीं. मदर मेरी का. बच्चा होने के बाद जो खाती, वो. ये बाई उसके वास्ते बनाई."

साहेबाला समजायला थोडा वेळ लागला. मग त्याचा चेहरा फुलला, आणि तो हसला. मित्रांनो, तो रागावला असता तर मला चाललं असतं. तो पोट धरून हसला. आपल्या भाषेत मडमेला सांगू लागला आणि पुन्हा हसला, जणू रात्रीच्या जेवणाला पाहुण्यांना सांगायला मजेचा किस्सा मिळाला. हरिहरही हसला, साहेब हसतो म्हणून. मडम हसली नाही. ती सगुणाकडे पाहत राहिली.

"अच्छा, अच्छा," साहेब डोळे पुसत म्हणाला. "बहुत अच्छा. अब बनाओ."

सगुणाने मला आडवं केलं. सगळी मेथी जमिनीवर पडली. मग मला उचलून कमरेवर घेतलं आणि ती चालू लागली. मागून हरिहर ओरडत होता, "परत ये! विश्रामची जागा गेली समज!" तिने मागे वळून पाहिलं नाही. फाटकाशी आल्यावरही ती विश्रामशी बोलली नाही, त्याच्याकडे पाहिलंही नाही. सरळ बाहेर पडली.

दहा पावलं गेलो असू नसू. मागून धावत कुणी आलं आणि तीन बोटांच्या हाताने मला तिच्या कमरेवरून काढून घेतलं. विश्रामच्या छातीवर पट्टा नव्हता. तो फाटकाच्या खिळ्याला लटकत होता.

"जड हाय," तो म्हणाला. "दे."

त्यानंतरचे दिवस सोपे गेले असं खोटं सांगणार नाही. मानपाड्याला जावं लागलंच, सासऱ्याच्या दारात बसावं लागलंच. पण विश्राम तिथे नुसता बसला नाही. करवत धरता येत नव्हती, बत्ता धरता येत होता. गावातल्या पुरुषांनी नाकं मुरडली, की बायकांचं काम करतो. त्याने मुरडू दिली. तो कांडायचा, सगुणा लाडू वळायची, आणि कल्याणच्या बाजारपेठेतली घरं बाळंतिणीसाठी आमचे लाडू मागवू लागली. त्यातूनच पुढे ते दोघे कल्याणच्या आपल्या घरी परतले.

पावसाळ्यात इनासबाय छत्री सावरत आमच्या दारात आली. मडम बाळंत झाली होती, मुलगी झाली होती, आणि तिने साहेबाला न सांगता लाडू मागितले होते.

"त्या घरात धाडायचे?" विश्राम भडकला. मीही भडकलो होतो.

"घरात न्हाय धाडत," सगुणा सुंठ निवडत म्हणाली. "बाईला धाडतंय."

मला ते पटलं नाही, आजही पटत नाही. त्या दिवशी मी थोडी मेथी मुद्दाम भरड ठेवली. सगुणाने ती हाताला लागताच ओळखली, परत माझ्यात घातली आणि मला दुप्पट कांडायला लावलं.

आता सगुणा नाही, विश्रामही नाही. त्यांची सून ठाण्याला राहते, तिच्याकडे चकचकीत पितळी खल आहे. मी तिच्या घरचं दार वाऱ्याने आपटू नये म्हणून दाराला लावलेला असतो. मुलं येता-जाता लाथ मारतात आणि त्यांच्याच अंगठ्याला लागतं, त्याचं मला वाईट वाटत नाही. गंज चढला आहे, पण पोट अजून शाबूत आहे. कधी घासलंत, उन्हात ठेवलंत, तर आजही सुंठ फोडून दाखवीन.

आणि एक मागणं आहे, मित्रांनो. कुणी आपल्या हाताने केलेला साधासुधा खाऊ सणासुदीला तुमच्यापुढे धरला, तर आधी विचारा, हे काय आहे आणि कुणाच्या आठवणीने केलं आहे. कडू लागलं तर पाणी प्या. नको असेल तर हात जोडून परत द्या, त्यात काही पाप नाही. पण करणारी समोर उभी असताना हसू नका. मी दाराशीच असतो.