पुण्याची नोकरी आणि बावड्याचं कोर्ट

सुष्मिता पट्टणशेट्टीला न्यायाधीश व्हायचं होतं. आता त्या परीक्षेला बसायचं तर आधी तीन वर्षं वकिली केलेली लागते. सनद तिला नुकतीच मिळाली होती आणि हातात दोन नोकऱ्या होत्या.

एक पुण्याच्या कंपनीची. करार तपासायचे, थंडगार कचेरीत बसायचं, आणि पगार असा की नेसरीत कापडाचं दुकान चालवणारे तिचे वडील रुद्राप्पा दोन दिवस हरखून गेले होते. पण पूर्णवेळ नोकरी धरली की सनद स्थगित ठेवावी लागते, म्हणजे ती तीन वर्षं सुरूच होणार नव्हती. दुसरी जागा कोल्हापुरात, ॲडव्होकेट क्रांती देसाईंच्या हाताखाली ज्युनिअर म्हणून. तिथं मिळणार होतं ते खोलीभाड्याला आणि मेसला जेमतेम पुरलं असतं.

आठवडाभर डोकं शिणवून तिनं पुणं नक्की केलं. आधी स्थिरावू, न्यायाधीशाचं मग बघू. क्रांतीताईंना फोनवर नकार देणं बरं दिसेना, म्हणून शुक्रवारी सकाळी ती कसबा बावड्याच्या कोर्टात गेली. क्रांतीताई दिसेनात तेव्हा तिनं फोन लावला.

"बरं झालं आलीस!" क्रांतीताई घाईत होत्या. "मी सीपीआर हॉस्पिटलसमोर, हायकोर्टाच्या सर्किट बेंचला अडकलेय. तिकडं आपल्या अशील चिमणाबाईंचा मनाईचा अर्ज लागलाय. कुणाचा तरी कोट-बँड घे आणि तारीख मागून ठेव."

"ताई, मी तुम्हाला सांगायला आले होते की..."

"नंतर बोलू," म्हणत त्यांनी फोन ठेवला.

तारीख मागायला असा कितीसा वेळ लागणार? वर्गमैत्रीण अनुजा बाररूममध्येच होती. तिचा कोट सुष्मिताला खांद्यात सैल झाला. कोर्टाबाहेरच्या बाकावर चिमणाबाई बसल्या होत्या. वडणगेच्या, सत्तरीच्या, म्हशी पाळून राहणाऱ्या. भावकीतल्या एकानं त्यांच्या गोठ्याच्या वाटेवर भिंत घातली होती.

"क्रांतीताई अडकल्यात, आजी. आज तारीख घेऊ या," सुष्मिता म्हणाली.

"आनि तारीख?" चिमणाबाईंचा आवाज सगळ्या व्हरांड्यात गेला. "दर तारखंला ह्येच! मग म्हशी काय डोक्यावरनं नेऊ व्हय गोठ्यात?"

तेवढ्यात पुकारा झाला.

तिनं उभं राहून तारीख मागितली. समोरचे वकील हसतमुखानं म्हणाले, "आमची काहीच हरकत नाही, मॅडम." न्यायाधीश बाईंनी पेन उचललं. कुणाचीच हरकत नव्हती. भिंत तशीच उभी राहणार होती. सुष्मितानं मागं वळून पाहिलं. चिमणाबाई दाराशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"मॅडम, तारीख नको," ती म्हणून गेली. "प्रकरण दुपारी ठेवावं."

"आत्ताच तर तुम्ही तारीख मागितलीत!"

"हो, मॅडम, चुकलं. पण भिंत झाल्यापासून अर्जदारांची जनावरं उघड्यावर आहेत."

न्यायाधीश बाईंनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "जेवणाच्या सुट्टीनंतर ठेवते. पण मग पुढची तारीख मिळणार नाही. चालेल?"

सुष्मितानं एकदा चिमणाबाईंकडं पाहिलं. "चालेल."

बाहेर येऊन तिनं क्रांतीताईंना निरोप धाडला. उत्तर आलं नाही. सुट्टीभर ती चिमणाबाईंच्या शेजारी बाकावर बसून अर्ज आणि समोरच्यांनी दिलेला नकाशा वाचत राहिली. कळेना तिथं विचारत राहिली. नकाशात गोठ्याला मागून दुसरा रस्ता दाखवला होता.

"त्यो रस्ता न्हवं बाई, वढा हाय त्यो," चिमणाबाई म्हणाल्या. "पावसाळ्यात माणूस बुडंल एवढं पाणी असतंय."

पुन्हा पुकारा व्हायच्या बेतात असताना क्रांतीताई धापा टाकत आल्या. सुष्मिताला वाटलं, आता आपण सुटलो. पण त्यांनी वकीलपत्र पुढं केलं. "इथं सही कर. प्रकरण तू ठेवून घेतलंस ना? मग बोलायचंही तूच. अडलीस तर मी आहे."

पहिली दोन वाक्यं सुष्मिताला स्वतःलाच नीट ऐकू आली नाहीत. समोरच्या वकिलांनी मागच्या रस्त्याचा मुद्दा काढला तेव्हा मात्र आवाज आपोआप खुला झाला. तो रस्ता म्हणजे ओढा आहे, हे तिनं समोरच्यांच्याच नकाशातल्या ओढ्याच्या रेघेवर बोट ठेवून दाखवलं. एकदा ती कलम चुकली, क्रांतीताईंनी हळूच दुरुस्त केलं. संध्याकाळी आदेश झाला. निकाल लागेपर्यंत जनावरांपुरती वाट मोकळी ठेवायची होती.

चिमणाबाईंनी तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

आवारात आल्यावर क्रांतीताई म्हणाल्या, "पुढच्या वेळी माझं न ऐकता काही करणार असशील, तर आधी सांग. आज निभावलं." मग म्हणाल्या, "सकाळी काय सांगत होतीस?"

"पुण्याला जाते, असं सांगायला आले होते."

"आणि आता?"

"आता दोन गोष्टी ठरवून घ्यायच्या आहेत. मला नुसत्या तारखा मागायला धाडायचं नाही. आणि सहानंतर मी परीक्षेचा अभ्यास करणार."

"सातनंतर," क्रांतीताई म्हणाल्या. दोघीही हसल्या.

वडिलांना सांगणं जास्त अवघड होतं. फोनवर रुद्राप्पा भडकलेच.

"साऱ्या पेठंत पेढं वाटलं की मी! आता लोकांस्नी काय सांगू?"

"अप्पा, आज मी कोर्टात बोलले. एका आजींची वाट मोकळी झाली." मग तिनं त्यांना सगळं सांगितलं, म्हशी, ओढा, मागितलेली आणि परत घेतलेली तारीख.

"आनि तीन वर्षांनी न्हाय झालीस जज, तर?"

"तर वकील असेन, अप्पा."

पलीकडं तिची आई, अव्वा, कन्नडमध्ये काहीतरी म्हणाली. रुद्राप्पांनी घसा खाकरला.

"सोमवारी दुकान बंद ठिवून येतो. ऱ्हायाला खोली चांगली बघाय पायजे की."