बोटीच्या तिकिटावरचं नाव

कारंज्याच्या बसस्टँडसमोर मयुरी धोटेचं ऑनलाईन सेवा केंद्र आहे. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, पेन्शनवाल्यांचा हयातीचा दाखला, म्हणाल ते ती भरून देते. आजवर आपल्या हातून एक काना-मात्रा चुकलेली नाही असं तिचं म्हणणं. म्हणणं कसलं, चांगला टेंभाच. आणि चुकली ती नेमकी घरच्या तिकिटावर. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडा पाषाण!

बुधवारी दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, म्हणून तिनं बोटीची दोन्ही तिकिटं छापली. एक तिचं, एक सासूचं. नागपट्टणमहून सुटायचं आणि समुद्रापलीकडे श्रीलंकेतल्या कांकेसंतुराई बंदरात उतरायचं. वर्ध्याहून चेन्नईची गाडी उद्या संध्याकाळी, बोट रविवारी सकाळी. प्लास्टिकच्या फाइलीत घालण्याआधी तिनं सासूचं तिकीट पासपोर्टाशेजारी ठेवलं आणि नावं ताडून पाहिली.

तिकिटावर नाव होतं कुंताबाई. पासपोर्टावर होतं कुंता श्रावण.

तिकिटाच्या तळाशी बारीक अक्षरात लिहिलं होतं की नाव पासपोर्टाशी तंतोतंत जुळलं नाही तर बोटीवर घेणार नाही. मयुरीनं ते तीनदा वाचलं. तिसऱ्यांदाही तेच लिहिलेलं होतं.

झालं कसं तेही तिला लख्ख आठवलं. तिकीट काढताना दोनच जागा उरल्या होत्या आणि सासूचा पासपोर्ट घरी पेटीत होता. तिनं फोन करून विचारलं, "आई, नाव कसं टाकू?" तिकडून उत्तर आलं, "कुंताबाई धोटे. अजून कसं?" कुंताबाई जन्मभर आपलं नाव असंच सांगत आल्या. मधलं नाव नवऱ्याचं, आणि नवऱ्याचं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. आता हे मयुरीला माहीत नव्हतं का? होतं. पण सासूचं नाव नुसतं 'कुंता' असं टाईप करायला तिची बोटंच धजली नाहीत. 'बाई' लावल्याशिवाय ते उघडं-बोडकं वाटलं. गावातल्या हजार म्हाताऱ्यांचे कागद ती आधारकार्ड पाहून भरते, आणि इथं मात्र मान राखायला गेली. घ्या आता, राखा मान.

कुंताबाईंचा नवरा फौजेत होता. सत्त्याऐंशी साली आपली फौज श्रीलंकेत गेली त्यात तो गेला आणि दसरा-दिवाळीच्या मध्ये तिकडेच पडला. तिकडेच त्याला अग्नी दिला. घरी एक ट्रंक आली आणि एक पत्र, 'उद्या जहाजात बसतो' एवढं लिहिलेलं. तेव्हा कुंताबाई वीस वर्षांच्या होत्या आणि प्रफुल, म्हणजे मयुरीचा नवरा, पोटात. गेल्या वर्षी पुलगावच्या बाबारावांनी, ते त्याच पलटणीतले, मोबाईलवर एक फोटो पाठवला. काळा दगड, त्यावर नावं कोरलेली. पलीकडच्या त्या बंदरापासून जवळच आहे म्हणाले. कुंताबाईंना इंग्रजी येत नाही. "कोणती ओळ?" एवढंच त्यांनी विचारलं. मयुरीनं बोट ठेवून दाखवली. त्या बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "मले तिथं ने."

प्रफुलनं पुष्कळ समजावलं. "माय, इमान दीड घंट्यात नेते. तू बोर धरणाबाहेरचं पाणी पायलं नाई. समुद्रात उलट्या करशीन."

"थे जहाजानं गेलते," कुंताबाई म्हणाल्या. विषय संपला.

गेल्या आठवड्यात एकदा सगळं ठरलं होतं. पण निघायच्या आदल्या दिवशी निरोप आला की समुद्र खवळलाय, फेरी रद्द. कुंताबाईंनी पिशवी उघडली. लुगडं काढलं, घडी मोडली, परत घातली आणि पेटीत ठेवलं. ते पाहणं मयुरीला भांडणापेक्षा जड गेलं. आता ही तारीख गेली की वाऱ्यापावसाचे दिवस लागतात, मग बोट बंद ती थेट नव्या वर्षात. आणि कुंताबाईंना जायचं होतं ते याच, दसरा-दिवाळीच्या मधल्या दिवसांत.

मयुरीनं बोटीच्या ऑफिसला ईमेल केला. उत्तर नाही. फोन लावला, तर गाणं वाजत राहिलं. पुन्हा लावला, पुन्हा गाणं. एक म्हातारे गृहस्थ दाखल्यासाठी आले, त्यांना तिनं उद्या या म्हणून सांगितलं आणि मग आठवलं की उद्या आपण नाहीच. चार वाजता तिनं शटर ओढलं आणि घरी गेली.

घरी कुंताबाई ओसरीत पिशवी भरत होत्या. वजनाची मर्यादा ऐकून त्यांनी पिशवी किराणावाल्याच्या काट्यावर दोनदा मोजून आणली होती. वर चार संत्री ठेवली होती, आंबिया बहाराची, नुकती उतरू लागलेली, अजून हिरवट.

"आई, फळं नेऊ देत नाईत तिकडं."

"मंग रस्त्यात आपण खाऊ. तुह्यं तोंड काऊन उतरलं?"

"काई नाई. ऊन लागलं."

कुंताबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "राखीच्या महिन्यातल्या उपासानंबी तुह्यं तोंड इतकं उतरत नाई."

मयुरी नवी नवरी होऊन आली तेव्हा तिला वाटायचं, इकडे श्रावणाला राखीचा महिनाच म्हणत असावेत. दुसऱ्या वर्षी उपासाच्या गडबडीत तिच्या ध्यानात आलं की असं फक्त सासूच म्हणते. श्रावणी सोमवार म्हणजे 'राखीतला सोमवार'. पंचांगातला एक अख्खा महिना बाईनं नवऱ्यासाठी बाजूला काढून ठेवला होता.

प्रफुल कामावरून आला तेव्हा मयुरीनं त्याला न्हाणीघरापाशी गाठून सगळं सांगितलं. तो आधी चिडला, मग तिचा चेहरा पाहून त्यानं आवाज खाली आणला. "मायले सांगू नोको," एवढंच म्हणाला. पण ते घर केवढं! कुंताबाई दारात उभ्याच होत्या.

"काय सांगू नोको?"

मयुरीला रडू आलं. तेहतीस वर्षांची बाई, दुकान चालवणारी, सासूपुढे शाळेतल्या पोरीसारखी रडली. "आई, म्या तुमचं नाव चुकवलं. तिकिटावर बाई लावलं. जाऊ देणार नाईत आपल्याले."

कुंताबाई वळल्या आणि ओसरीतल्या पिशवीकडे पाहू लागल्या. मयुरीला वाटलं, आता या पेटी उघडतील.

तेवढ्यात तिच्या हातातल्या फोनवरचं गाणं थांबलं आणि बोटीच्या ऑफिसात कुणीतरी तो उचलला. न्हाणीघराकडे येतानाच तिनं तो पुन्हा लावून ठेवला होता. पलीकडचा माणूस तमिळ होता, हिंदी तोडकी-मोडकी, पण मनानं बरा. त्यानं तिकिटाचा नंबर घेतला, पासपोर्टाचा फोटो मागवला, पाहिला. "होगा. नाम सुधारेगा. लेकिन पैसेंजर खुद बोलना. पासपोर्ट में जो पूरा नाम है, वही. रिकॉर्डिंग होता है."

मयुरीनं फोन स्पीकरवर टाकून सासूपुढे धरला.

"कुंताबाई धोटे," कुंताबाई म्हणाल्या.

"पूरा नाम, अम्मा. पासपोर्ट वाला."

कुंताबाईंनी मयुरीकडे पाहिलं. "तू सांग."

"कुंता श्रा..." मयुरीनं सुरुवात केली.

"आप नहीं, मॅडम. अम्मा बोलना. छह बजे ऑफिस बंद."

भिंतीवरच्या घड्याळात सहाला सात मिनिटं कमी होती. प्रफुल खाली मान घालून उभा. त्याच्या सगळ्या कागदांवर बापाचं नाव होतं, पण घरात ते कधी ऐकू आलं नव्हतं. लहानपणी तो विचारायचा तर आई म्हणायची, तुह्या दाखल्यावर हाये, वाच. मयुरीला वाटलं, फोन आपल्या तोंडाशी ओढावा आणि आवाज बदलून आपणच सांगावं. हजार फॉर्म भरलेत, एक खोटा भरला तर काय बिघडतं! पण तिनं फोन सासूपुढेच धरून ठेवला.

कुंताबाईंनी पदर डोक्यावरून घेतला, नीट, कपाळापर्यंत. मोठं माणूस घरात आल्यावर घ्यावा तसा.

"कुंता," त्या म्हणाल्या. थांबल्या. "श्रावण. धोटे."

"आवाज नहीं आया, अम्मा. बीच का नाम?"

"श्रावण!"

"सरवन? सर्वणन?"

आता मात्र कुंताबाई चिडल्या. नवऱ्याचं नाव जन्मात पहिल्यांदा, तेही तो जाऊन अडतीस वर्षांनी घ्यावं, आणि समोरच्यानं ते वाकडं करावं! त्यांनी फोन मयुरीच्या हातातून घेतला आणि तोंडापाशी धरला. "सरवन नाई रे बाबा. श्रावण. महिना राह्यते ना, आषाढाच्या मांगून येते थो. श्रावण. श्रावण महादेव धोटे. त्याची मी बायको, कुंता."

पलीकडे कीबोर्डाची टकटक झाली. "ठीक है, अम्मा. हो गया. संडे को आना."

पाच मिनिटांत नवं तिकीट आलं. मयुरीनं ते पासपोर्टाशेजारी धरून एकेक अक्षर बोट ठेवून जुळवलं. जुळलं. प्रफुल पाठ फिरवून नळावर तोंड धूत होता, जरा जास्तच वेळ.

कुंताबाई ओसरीत बसल्या होत्या. पदर अजून डोक्यावरच होता.

"माफ करजा, आई," मयुरी म्हणाली. "माह्या एका चुकीपायी तुमाले..."

"म्या ठरवलं होतं," कुंताबाई पिशवीकडे पाहत म्हणाल्या, "तिथं गेल्यावर नाव घेईन. त्या दगडाजवळ. पयल्यांदा. याच्यासाठीच तं जाऊन राह्यलो होतो आपण."

मयुरीला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. तिकिटाची चूक दुरुस्त झाली होती. ही कोणत्या ऑफिसात दुरुस्त करायची? ती तिथंच, उंबऱ्यावर बसली.

कुंताबाईंनी वरचं एक संत्रं काढलं, सोललं आणि अर्धं तिच्या हातात दिलं. आंबट होतं. दोघींनी तोंड वाकडं केलं आणि खाल्लं.

"रडू नोको वं," त्या म्हणाल्या. "बरंच झालं. तिथं उभी राह्यली असती अन् जीभच उचलली नसती तं? इतक्या दूर जाऊन मुकीच परत आली असती." त्यांनी हात पुसले आणि पिशवीची चेन लावली. मग कुणाला ऐकू जावं म्हणून नाही, नुसतीच जीभ वळते का पाहण्यासाठी, हळू म्हणाल्या, "श्रावण."