नापासाचे पेढे

पुण्याच्या कॉलेजच्या अर्जाची मुदत आज संपत होती आणि अक्षदाचं बोट मोबाईलवर एकाच रकान्यापाशी अडलं होतं: शरीरक्रियाशास्त्राचे गुण, सर्व प्रयत्नांसह.

बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी ती याच विषयात नापास झाली होती. पुढच्या परीक्षेत चांगल्या गुणांनी पास झाली. पण आळे गावात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. कारण निकालाच्या दिवशी तिच्या वडिलांनी, सावळारामांनी, चक्क पेढे वाटले होते. शेजारच्यांचे पेढे घरी आले होते, मग आपले कसे चुकवायचे?

"दुसऱ्या खेपेचंच टाक," सावळाराम म्हणाले. "पुण्यात कोन बघतंय?"

"बघतात, आप्पा. उघडकीला आलं तर प्रवेश रद्द."

"आन् खरं टाकलं तर मिळंल का?"

सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी यंदा हा शेवटचाच अर्ज उरला होता.

दोघं जुन्नरला जैबुन्निसा मॅडमकडे गेले. शाळेत त्यांनीच तिला विज्ञान शिकवलं होतं. मटार सोलता सोलता त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"सावळारामभाऊ, हाच विषय का विचारतात? पुढचं शिक्षण त्याच्यावर उभं राहतं. तो कच्चा राहिला तर भोगतो रुग्ण. अक्षदा, दुसऱ्या वेळी काय वेगळं केलंस?"

"आधी नुसतं पाठ केलं होतं, मॅडम. मग आरोग्य उपकेंद्रात सिस्टरांजवळ बसायला लागले. त्या रक्तदाब मोजायच्या, तेव्हा धडा समजला."

"मग हेच सांग. दोन्ही गुण शेजारी दिसू देत."

"पन लोक काय म्हनतील?" सावळाराम पुटपुटले.

"उद्या ही गावोगाव फिरेल. लोक आजार लपवतील. ही त्यांना म्हणेल, खरं सांगा. कुठल्या तोंडानं म्हणेल, भाऊ?" मॅडमनी पुढची शेंग उचलली. "जागा मिळेलच, असं मात्र मी म्हणत नाही."

अक्षदानं तिथंच बसून दोन्ही गुण भरले. मुलाखतीत पहिला प्रश्न त्या नापासाचाच आला. तिनं उपकेंद्राची गोष्ट सांगितली. त्यानंतर घरात फोन वाजला की सावळारामांचा घास हातातच राहायचा.

अखेर निवड झाल्याचा फोन आला. सावळाराम पेढे घेऊन पुन्हा त्याच घरांत गेले. शेजारच्या प्रयागबाईंच्या ओट्यावर ते अडखळत बोलले, "वहिनी, हे खरं पेढं. मागं दिलं ते खोटं व्हतं. पोर तवा नापास झाली व्हती."

प्रयागबाईंनी पेढा हातात घेतला. मग आतल्या बंद दाराकडे वळून त्यांनी लेकीला हाक मारली, "आरते, ये गं बाहीर. अक्षदाताई बी तुझ्यासारखीच नापास झाली व्हती म्हनं. जेवून घे आता."

कडी सरकल्याचा आवाज आला.

मंडळी, आपण मुलांचं अपयश झाकतो, तेव्हा शेजारच्या घरातलं एखादं लेकरू स्वतःला एकटंच नापास समजून दार लावून बसतं. पुन्हा अभ्यास करून उभं राहता येतं, हे त्याला कळायला हवं. ते आपण सांगितलं तरच त्याला कळेल.