थिमिओसची घंटा

“ऐकलंस, लाझारोस?” माझ्या हातून पाव घेता घेता आसिमिना मावशी थबकली.

मी गाडीचं इंजिन बंद केलं. वरच्या घळीतून घंटा वाजली, थांबली, पुन्हा वाजली. ती वाजायला नको होती. आमच्या डोंगरात धनगर वारला की त्याच्या शेळ्यांच्या घंटांत गवताचे बोळे कोंबतात. चाळीस दिवस कळप मुका राहतो. मावशीचा नवरा थिमिओस त्याच घळीत पडून वारला, तेव्हा बोळे मीच कोंबले होते. फक्त म्होरक्या बोकड त्या दिवसापासून बेपत्ता होता.

“त्या मेल्या बोकडाला पकड आणि गप्प कर,” मावशी म्हणाली. “रविवारी चाळिसावा दिवस. पाद्री म्हणतो, घंटा वाजतेय तोवर म्हाताऱ्याचा जीव इथंच घुटमळणार.”

“पाद्र्याचं काय जातंय? महिन्यातून एकदा उगवतो.”

“तू तरी कुठला गावचा? पाव विकतोस नि पळतोस. जा.”

मी चढलो. बोकडाचा पट्टा काटेरी ओकच्या फांदीत अडकला होता आणि खाली नुसती हाडं उरली होती. वर पट्ट्यातली घंटा वाऱ्याने वाजत होती. एवढंच होतं ते, तरी भीती वाटायची ती वाटलीच. घंटा हाताला उबदार लागली. उन्हाने तापली असेल, असं मी स्वतःला बजावलं. पट्टा काही सुटेना. शेवटी गवताचा घट्ट बोळा कोंबून खाली आलो.

मावशी उंबऱ्यातच उभी होती.

“थांबली.”

“हो.”

“आणि बोकड?”

“हातात सापडतोय कसला. पळाला डोंगरात.” खरं सांगायला जीभ रेटेना.

“बरं केलंस,” ती म्हणाली, पण आत गेली नाही. डोंगराकडे कान लावून तशीच उभी राहिली. “बोकड बदलले, घंटा तीच होती रे. ती उतरणीला लागली की मी भांडं चुलीवर चढवायचे. आता कशावरून चढवू?”

आपण काहीतरी वाईट करून बसलो, एवढं मला कळलं.

पुढच्या मंगळवारी गावात शिरलो आणि भोंग्यावरचा हात तसाच राहिला. घळीतून घंटा वाजत होती.

मावशी काठी टेकत आली. तिच्या गुडघ्याला फडकं बांधलेलं होतं. दोन्ही हातांवर कोपरापर्यंत काट्यांचे ओरखडे होते, काही अजून ओले होते. वय अठ्ठ्याहत्तर. त्या घळीत मलाही हात टेकत चढावं लागलं होतं.

“वाजतेय,” मी म्हणालो.

“वाजू दे.”

“आणि पाद्री?”

“त्याला गव्हाचा प्रसाद दिला पोटभर. म्हटलं, वारा आहे.”

“मावशी, तो बोकड...”

“पळाला ना? तूच म्हणालास.” तिने माझ्याकडे रोखून पाहिलं. “दोन पाव दे.”

थिमिओस असताना ती दोन घ्यायची, तो गेल्यापासून एकच. मी दोन दिले. ती आत गेली आणि थोड्या वेळाने धुराड्यातून धूर निघाला. मी इंजिन सुरू केलं नाही, भोंगाही वाजवला नाही. ब्रेक काढला आणि गाडी उतारावर सोडून दिली.