हृदय असं चालत नाही

पहिल्या वर्षाचं जीवशास्त्राचं प्रात्यक्षिक ऑनलाइन घेणाऱ्या त्या बाईंना विद्यार्थी पाठीमागे 'करवत' म्हणत. त्यांना ते ठाऊक होतं आणि त्याचं फारसं वाईटही वाटत नसे. नरम राहून पाहिलं होतं त्यांनी. आदल्या सत्रात कांद्याच्या पापुद्र्यातल्या पेशींचा एकच फोटो अर्ध्या वर्गाने आपापला म्हणून पाठवला होता. फोटोच्या कोपऱ्यात कुणाचा तरी अंगठा आला होता, आणि तो अंगठाही सगळ्यांचा एकच.

त्यानंतर बाईंनी नियम कडक केले. सत्राच्या पहिल्याच तासाला त्या ते वाचून दाखवत. काम रविवारी दुपारपर्यंत आलं पाहिजे, त्यानंतर आलेलं उघडलंसुद्धा जाणार नाही. सगळ्यात कमी गुणांचा एक प्रयोग हिशेबात धरला जाणार नाही. पण नोंदी मनाने बनवलेल्या आढळल्या तर शून्य, आणि ते शून्य मात्र धरलं जाईल. गुणांबद्दल तक्रार असेल तर आठवड्याच्या आत, लेखी. हे सगळं नवऱ्याला स्वयंपाकघरात ऐकू जायचं. तो म्हणायचा, तू शिकवतेस की दरडावतेस, भिंतीपलीकडून काही कळत नाही बघ.

वर्ग म्हणजे पडद्यावरच्या काळ्या चौकटी. कॅमेरा चालू ठेवायची सक्ती नव्हती, त्यामुळे कुणी ठेवत नसे. एकच मुलगी कायम दिसायची. ती एका लॉन्ड्रीत इस्त्रीचं काम करायची आणि मागच्या खोलीतून तासाला बसायची. तिच्या डोक्यावर हँगरला लावलेले शर्ट ओळीने लटकलेले असत, आणि मधेच वाफेचा लोट आला की ती त्यात दिसेनाशी व्हायची. बाईंनी मनातल्या मनात तिचं नाव 'इस्त्रीवाली' ठेवलं होतं. शाळा सुटल्यावर मधे बरीच वर्षं गेली होती तिची. आई नव्हती. घरात ती आणि वडील, दोघंच. वडील बस चालवून निवृत्त झालेले. मुलीला नर्सिंगला जायचं होतं, आणि त्यासाठी या विषयात नुसतं पास होऊन भागणार नव्हतं, गुण चांगले हवे होते.

सत्र निम्म्यावर येण्याआधी नाडीचा प्रयोग आला. घरातल्या एका माणसाची नाडी मोजायची. आधी स्वस्थ बसलेलं असताना, मग जिना चढून-उतरून आल्यावर, मग विश्रांतीनंतर. प्रत्येक वेळी पुन्हा पुन्हा मोजून आलेख काढायचा. आलेख कसा येणार हे बाईंना झोपेतही सांगता आलं असतं. चढ, मग हळूहळू उतार.

त्या आठवड्यात त्यांच्याकडे आलेल्या कामात निम्म्याहून जास्त आकडे सरळसरळ ठोकून दिलेले होते. एकाने तर विश्रांतीनंतरची नाडी अशी दिली होती की माणूस जिवंत आहे की नाही, शंका यावी. बाई वैतागल्या होत्या. त्यात इस्त्रीवालीचं काम समोर आलं. तिचे आकडे कुठल्याच वळणाचे नव्हते. स्वस्थ बसलेल्या माणसाची नाडी एकदा कमी, लगेच पुढच्या वेळी भलतीच जास्त, परत मधलीच. आलेख म्हणजे मोडक्या कंगव्याचे दात. खाली तिने लिहिलं होतं की वडिलांची नाडी मोजली, मधेच एखादा ठोका चुकतो आणि मग दोन-तीन घाईघाईने येतात, त्यामुळे मोजणं अवघड गेलं.

बाईंना वाटलं, हीसुद्धा त्यातलीच निघाली. आकडे लिहिले मनाने आणि वर सबबही जोडली. त्यांना जरा जास्तच लागलं, कारण या मुलीवर त्यांचा भरवसा होता. त्यांनी शून्य दिलं आणि शेऱ्यात लिहिलं, "हृदय असं चालत नाही. या नोंदी मोजलेल्या वाटत नाहीत."

मुलीचा निरोप आला, अगदी अदबीने लिहिलेला. मी मोजल्या होत्या मॅडम, माझं काही चुकलं असेल तर पुन्हा करून पाठवू का, असं तिने विचारलं होतं. बाईंनी उत्तरादाखल नियमाची ओळ पाठवली आणि कुठल्याही एका प्रयोगाची पुनरावृत्ती सत्रात पुढे आहेच, तिचे गुण वेगळे धरले जातात, असं कळवलं. मुलीने तक्रार केली नाही. आठवडा उलटून गेला.

पुनरावृत्तीच्या वेळी तिने नाडीचाच प्रयोग निवडला. या खेपेला आलेख असा आला होता की पुस्तकात छापावा. बाई खूश झाल्या. पैकीच्या पैकी गुण दिले आणि शेरा लिहिला, "आता कसं जमलं!" रागावल्याचा उपयोग होतो, असंही त्या दिवशी जेवताना नवऱ्याला म्हणाल्या.

त्यानंतर काही दिवसांनी इस्त्रीवाली दिसेनाशी झाली. चौकट काळी नव्हती, चौकटच नव्हती. एका रविवारचं काम आलं नाही, मग दुसऱ्या रविवारचंही. बाईंनी नियमाप्रमाणे शून्य भरलं. महाविद्यालयाला कोर्स सोडून गेलेल्यांची नावं कळवायची वेळ आली तेव्हा त्यांनी तिला फोन केला. बऱ्याच वेळाने उचलला गेला. मागे भांड्यांचा आणि चाकं असलेल्या कसल्यातरी गाडीचा आवाज येत होता.

बाईंनी विचारलं, कोर्स सोडायचा आहे का.

"नाही मॅडम," मुलगी म्हणाली. "वडील दवाखान्यात आहेत. उजवी बाजू गेली त्यांची. बोलणंही नीट येत नाही."

बाईंनी हळहळ व्यक्त केली आणि कसं झालं ते विचारलं. मुलीने सांगितलं की हृदयाचे ठोके अनियमित पडत होते, त्यातून रक्ताची गुठळी झाली आणि ती मेंदूत गेली, असं डॉक्टर म्हणाले. ते सांगताना तिचा आवाज सपाट होता, जणू तासाला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर देत होती.

"डॉक्टरांनी विचारलं, नाडी अशी कधीपासून आहे. मी म्हटलं, प्रयोग केला तेव्हा तरी होतीच. ते म्हणाले, मग तेव्हाच का नाही आणलंत. मी सांगितलं, मला वाटलं मलाच मोजता येत नाही."

काळजी घे, मी बघते, असं काहीतरी बोलून बाईंनी फोन ठेवला आणि तिचं ते जुनं काम उघडलं. मोडक्या कंगव्याचे दात तसेच होते. ठोका चुकतो, मग घाईघाईने येतात. याहून स्वच्छ शब्दांत कुणी काय लिहिणार होतं? वर्गाबाहेर कुणी हेच वाक्य सांगितलं असतं, तर त्यांनी त्या माणसाला हाताला धरून डॉक्टरकडे नेलं असतं. इथे त्या गुण द्यायला बसल्या होत्या, म्हणून त्यांना त्यात फक्त लबाडी दिसली.

नवऱ्याने समजूत घातली. तू डॉक्टर थोडीच आहेस, आणि ते आकडे पाहून कुणालाही तसंच वाटलं असतं, असं तो म्हणाला. बाईंना ते पटलं नाही. दुसऱ्या दिवशी तास रद्द करून त्या बसने मुलीच्या गावी गेल्या.

दवाखान्याचा कॉरिडॉर लांबलचक होता आणि फरशी नुकतीच पुसलेली होती. मुलगी दारापाशीच भेटली. पडद्यावर वाटायची त्याहून बुटकी होती, आणि हातावर इस्त्रीचे जुने चटके होते. बाईंना पाहून तिला नवल वाटलं, पण हसू आलं नाही. ती त्यांना आत घेऊन गेली.

वडील उशांना टेकून बसले होते. चेहऱ्याची एक बाजू उतरलेली, पण डोळे जागे. ते शब्द जुळवत सावकाश बोलले, आणि जिथे अडले तिथे मुलीने वाक्य पुरं केलं. छातीत धडधड व्हायची ती बऱ्याच दिवसांपासून, असं त्यांनी सांगितलं. त्यांनी मनावर घेतलं नाही. जुनी गाडी आहे, मधेच एखादा हिसका देणारच.

"पोरीने नाडी धरली, तेव्हा मीच तिला म्हणालो, तुला मोजता येत नाही," ते म्हणाले. "मग तुमचाही तोच शेरा आला, बाई. म्हटलं चला, आमचं एकमत झालं."

टोमणा नव्हता तो. त्यांना खरोखरच गंमत वाटत होती, आणि बाईंना जमीन पोटात घेईल तर बरं, असं झालं. बाईंनी वडिलांचा डावा हात हातात घेतला. मनगटावर बोटं टेकवायचा मोह झाला, पण त्यांनी तो आवरला.

बाहेर बाकावर बसल्यावर बाई म्हणाल्या, "चूक माझी झाली. तुझ्या नोंदी खऱ्या होत्या, आणि मी तुला खोटं ठरवलं."

मुलीने असू द्या मॅडम म्हटलं असतं तर बाईंना बरं वाटलं असतं. तिने तसं म्हटलं नाही. जरा वेळाने म्हणाली, "दुसऱ्या वेळच्या नोंदी मात्र मी बनवल्या होत्या. तुम्ही तासाला नमुना दाखवला होता, त्यातले आकडे जरा मागेपुढे केले. बाबांच्या हाताला हातही लावला नाही."

"का?"

"खरे चालत नाहीत म्हणून." ती बाईंकडे न बघता बोलत होती. "हातच लावला असता ना मॅडम, तर तेव्हाही कळलं असतं. पहिल्याचे गुण द्या मला. दुसऱ्याला शून्य द्या. उलटं झालंय ते."

परत आल्यावर बाई विभागप्रमुखांना भेटल्या आणि घडलं ते सगळं सांगितलं. विभागप्रमुख वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्यातल्या त्यात सोपी वाट काढून दिली. वडिलांच्या आजारपणात बुडालेली कामं माफ करू, मुलगी चांगल्या गुणांनी पास होते, विषय मिटला. पहिल्या शून्याची मुदत कधीच टळली आहे, त्याला हात लावायचं कारण नाही, बनावट नोंदींचं शून्य एरवी धरलं जातं, पण हे कमी गुणांचा एक प्रयोग म्हणून सवलतीत सोडून देऊ. दुसऱ्या नोंदी बनावट होत्या हे तर कागदावर आणूच नका.

"कशाला उकरून काढताय?" ते म्हणाले. "तिचंही भलं होईल आणि तुमचंही."

बाई तशाच घरी आल्या. तसं केलं तर त्यांच्या चुकीचा मागमूस राहणार नव्हता आणि मुलीचं वर्ष वाचणार होतं. मग एका खऱ्या कामावर खोटेपणाचा शिक्का कायमचा राहिला तर कुणाचं काय बिघडणार होतं? त्यांनी स्वतःला हेच वेगवेगळ्या शब्दांत विचारून पाहिलं, आणि शेवटी मुलीलाच फोन लावला. प्रमुखांचं म्हणणं जसंच्या तसं तिच्यापुढे ठेवलं. दुसऱ्या नोंदींचं खरं सांगितलं तर ते शून्य हिशेबात येईल आणि नर्सिंगला लागतात तेवढे गुण राहणार नाहीत, हेही सांगितलं.

मुलगी म्हणाली, "मी उद्या कुणाची तरी नाडी धरून बसणार आहे मॅडम. तिथे मी मोजलेलं खरं की खोटं, हे मला माहीत असायला हवं. तुम्ही नीट लिहा."

बाईंनी नीट लिहिलं. पहिल्या नोंदी खऱ्या होत्या आणि त्यांना शून्य देणं ही तपासणाऱ्याची चूक होती, दुसऱ्या नोंदी बनावट होत्या आणि ती बनवाबनवी तपासणाऱ्याच्या शेऱ्यामुळे घडली, एवढंच. प्रमुखांनी कपाळाला आठ्या घालून ते महाविद्यालयाच्या परीक्षा समितीकडे पाठवलं. समितीने पहिल्या कामाचे गुण दिले, आजारपणातली कामं माफ केली, आणि दुसरं शून्य कायम ठेवलं. बाईंना लेखी समज मिळाली. मुलगी पास झाली, पण नर्सिंगच्या यादीत बसण्याइतके गुण तिच्याकडे उरले नाहीत. हा विषय पुन्हा घेऊन गुण वाढवता येणार होते. दुसरा मार्ग नव्हता.

पुढच्या सत्रासाठी बाईंनी नियम बदलले. नोंदी संशयास्पद वाटल्या तर शून्य देण्याआधी विद्यार्थ्याशी बोलायचं, हे त्यांनी स्वतःलाच घालून दिलं. त्याने तपासणीचं काम फार वाढलं. बोलल्यावर बहुतेक जण लबाडच निघत, आणि बाई प्रत्येक वेळी धास्तावून फोन लावत. शेरे लिहितानाही त्यांचा हात अडायला लागला. कधीकधी एका ओळीसाठी अर्धी दुपार जायची. नवरा म्हणाला, पूर्वी बरी होतीस, निदान वेळेवर जेवायचीस.

मुलीची त्यांनी दोन-तीनदा निरोपाने चौकशी केली. एकदाच उत्तर आलं. बाबा काठी घेऊन दारापर्यंत जातात, उजव्या हाताने अजून पेला धरता येत नाही, गोळ्या चालू आहेत, आणि वेळीच आणलं असतं तर हे टळलं असतं का, यावर डॉक्टर हो म्हणत नाहीत आणि नाहीही म्हणत नाहीत. बाईंनी ते शेवटचं वाक्य कितीदा वाचलं, त्यांनाच ठाऊक.

नवीन सत्राच्या पहिल्या तासाला त्या जरा लवकर येऊन बसल्या. एकेक काळी चौकट उघडत गेली. हँगरला लटकलेले शर्ट कुठे दिसतात का, ते त्या पाहत होत्या. तास संपल्यावर त्यांनी सहज विचारावं तसं विभागप्रमुखांना फोनवर विचारलं, त्या मुलीने पुन्हा नाव घातलं नाही का.

"घातलंय की," प्रमुख म्हणाले. "पण दुसऱ्या मॅडमच्या तुकडीत. तशी विनंतीच केली होती तिने."

बाईंनी बरं म्हटलं आणि फोन ठेवला. तिने शिक्षण सोडलं नव्हतं, याने जीव भांड्यात पडला होता. बाकीचं जे होतं, त्याबद्दल त्या नवऱ्यापाशीही काही बोलल्या नाहीत.