शेवटचा दिवा

“खातेदारांना फोन देता का?” इंटरनेट कंपनीच्या मदतकेंद्रातल्या मुलीने पुन्हा विचारलं. खातेदार माझ्यासमोरच खुर्चीत बसले होते. पक्षाघातानंतर माझ्या यजमानांना बोलता येत नाही, हे माझं तिला सांगून झालं होतं. तिचं म्हणणं, नुसतं नाव सांगितलं तरी चालेल. नाव सांगता आलं असतं तर मला आणखी काय हवं होतं?

ती वरिष्ठांना विचारून फोन करणार होती. म्हणजे झालंच.

आमचा जुना कॉम्प्युटर जळाला म्हणून भाच्याने त्याचा वापरलेला आणून दिला होता. त्यावर विंडोजऐवजी लिनक्स. लिनक्स म्हटलं की कंपनी हात वर करते. भाचा फोनवर म्हणाला, “मामी, मशीन ठीक आहे. ते जोडणी मागतंय, मोडेमच देत नाहीये.” एवढं सांगून तो कामाला लागला. इकडे फळीवरच्या मोडेमचा शेवटचा दिवा सकाळपासून नुसता लुकलुकत होता. ह्यांच्यासाठी मी नोकरी सोडली होती. घरबसल्या टायपिंगचं काम मिळणार होतं, पण नमुन्याची पानं संध्याकाळपर्यंत पोचली तरच. मी अगदी मेटाकुटीला आले होते.

गंमत म्हणजे ह्यांनी सारी नोकरी अशाच एका मदतकेंद्रात काढली. दिवसभर लोकांना तारा कुठे खोचायच्या ते सांगायचं आणि घरी येऊन गप्प बसायचं. पगार दिल्याशिवाय हे तोंड उघडत नाहीत, असं मी चिडवायची. आता त्यांना किती समजतं, ते डॉक्टरही ठामपणे सांगत नव्हते. हळूहळू मी त्यांना काही विचारणंच सोडलं. त्यांच्यादेखत त्यांच्याबद्दल बोलायची, घरातल्या कपाटाबद्दल बोलावं तसं.

सकाळपासून ते डावा हात फळीकडे नेत होते. मी पाणी दिलं, चादर दिली, तोंड पुसलं. शेवटी वैतागून म्हटलं, “अहो, आज तरी त्रास नका देऊ.” त्यांनी हात मांडीवर ठेवला.

फोन ठेवून मी डोकं धरून बसले आणि रडू आलं. तेवढ्यात खुर्ची घासल्याचा आवाज झाला. एका पायाने खुर्ची रेटत ते फळीपाशी गेले होते आणि त्यांनी मोडेमची विजेची वायर उपटली होती. मी धावले. पण वायर मांडीवर ठेवून त्यांनी मला हाताचा तळवा दाखवला. तो तळवा माझ्या चांगल्या ओळखीचा होता. घरी कामाचा फोन आला आणि मी मध्ये बोलले की हाच वर व्हायचा. मग त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट करून बोट खाली दाबलं. मी तो बंद केला.

आम्ही बसून राहिलो. मी काही बोलायला गेले की तळवा वर.

पुरेसा वेळ झाल्यावर त्यांनी वायर पुन्हा खोचली. एकेक दिवा लागला. शेवटचा बराच वेळ लुकलुकला आणि स्थिर झाला. मग त्यांनी कॉम्प्युटरकडे बोट केलं. मी तो सुरू केला आणि जोडणी मिळाली. भाच्याने नंतर सांगितलं, आधीच्या मशीनला धरून बसलेला मोडेम काही वेळ बंद ठेवला, की नवं स्वीकारतो.

पानं गेली. मी खुर्चीजवळ खाली बसले आणि म्हटलं, “तुम्हाला सगळं कळतं होय हो?” त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. त्यांची नजर दिव्यांवर होती.

फोन वाजला. तीच मुलगी. खातेदार आता बोलू शकतील का, असं विचारत होती.

“नाही,” मी म्हटलं, “ते कामात आहेत.”